फुटाला एक सूत

शीटचं नाव ‘खर्च शेवटचा ४’.
याआधी तीन शेवटचे होऊन गेले.

उद्यमबागेत, पहिल्या मजल्यावर बसतो.
खाली मुरगोडांचं लेथ चालू झालं
की टेबलावरचा चहा थरथरतो
आणि मी भरत जातो:
सर्व्हर, महिना सहा हजार चारशे.
एसएमएस, नगाला अठरा पैसे.
अठरा पैशांचं काही मिळतं
असा माणूस आता आमच्या घरात उरला नाही,
शीटमध्ये मात्र चालतात.

अ‍ॅप जॉबवर्कवाल्यांसाठी.
कुणाचे किती नग आले, किती बोअर झाले,
किती रिजेक्ट, कुणी चलन न घेताच टेम्पो हाकला.
आता हे सगळं खडूनं भिंतीवर असतं.
दिवाळीला भिंत रंगवली
की उधारी पांढरी होते.

महिना दोनशे नव्व्याण्णव.
होनग्याचे एक मालक म्हणाले,
“एकदाच काय ते घे की गा.
मशीन घेतलं तर दर महिन्याला पैसे मागतंय काय?”
म्हटलं, वर्गणी समजा.
“वर्गणीला प्रसाद असतोय.”

प्रसादाची ओळ नव्हती. घातली.
तीत लिहिलं: फोन उचलणे, रात्री नऊपर्यंत.

भाषा दोन.
शिवलीला हंचिनाळ बैलहोंगलची,
शब्दाला दोन रुपये.
‘जतन करा’पुढे तिनं लिहिलं ‘उळिसि’.
म्हणजे? “उरव. मागं ठेव.”
बटण तेच, हिरवं.
कन्नड अक्षरं आडवी मावेनात,
मराठीचे उकार खालून कापले जाऊ लागले.
त्या दुरुस्तीचे तीन दिवस
कुठल्याच ओळीत नव्हते.
बेळगावात जन्म काढून हीच ओळ विसरलो,
त्याची लाज वेगळी.

माझा पगार: शून्य.
रिकामं सोडलं तर गणित अडतं, म्हणून शून्य.

एकूण महिना एक लाख चौदा हजार.
म्हणजे तीनशे नव्वद दुकानं.
मच्छे, नावगे, सगळं फिरून आलो,
पाट्या मोजल्या, बंद शटरं वजा केली.
शंभरातले सहा दर महिन्याला सोडून जाणार,
ते कुठले सहा, हे कुणाच्या पाटीवर लिहिलेलं नाही.

मोनाप्पा सुतार चहाला येतात.
शेजारच्या फाउंड्रीत पॅटर्न करतात, चाळीस वर्षं.
“काय करूलास?”
“बजेट.”
“किती दिवसांचं काम?”
“चार महिने.”
“पट्टी कुठली लावलीस?”

कळलं नाही.
त्यांनी खिशातली स्वतःची पट्टी काढून
माझ्या पट्टीला लावून ठेवली.
शून्याला शून्य जुळलं.
बाराला बारा जुळेना.
त्यांचा फूट माझ्यापेक्षा एक सूत लांब.

“ओतलेलं बीड थंड होताना आकसतंय.
म्हणून आधीच मोठं कोरायचं.
बिडाला फुटामागं एक सूत, पोलादाला दोन.
बरोबर मापाचं केलास तर नग भंगारात.”

“आणि सॉफ्टवेअरला?”
हसतील वाटलं. त्यांनी विचारलं,
“मागचं काम किती म्हणालावतास, किती लागले?”
बिलिंगचं. दोन म्हणालो होतो, लागले पाच.
“मग मोजून झालंय की तुझ्या मालाचं.”
बशी पालथी घालून गेले.

चाराचे दहा केले.
आकडे तांबडे झाले, वरून खालपर्यंत,
भट्टी उघडल्यासारखे.
त्यातला एकही पुसला नाही.

नवी ओळ घातली, नाव दिलं ‘आकसणे’.
शीट शिवलीलालाही जाते,
म्हणून तिला फोन: याला कन्नडमध्ये काय?
“कुग्गु,” ती म्हणाली. मग, “का? काय झालं?”
काही नाही म्हटलं.

त्या शब्दाचे दोन रुपये तिनं लावले की नाही
ते महिनाअखेरीस कळेल.